लहानपणी वाचलेली प्राण्यांची पुस्तकं मोठेपणी पूर्ण वाचली आहेत का?

टिपकागद

अ‍ॅना स्यूएलचं 'ब्लॅक ब्यूटी' नुकतंच मूळ, पूर्ण स्वरूपात वाचून संपवलं. लहानपणी हाती आलं होतं ते संक्षिप्त रूपांतर. त्यात एक देखणा घोडा, काही दुष्ट मालक, काही प्रेमळ मालक आणि गोड शेवट एवढंच होतं. पूर्ण पुस्तकात घोड्यांइतकीच माणसंही पिचलेली आहेत, आणि ती त्या रूपांतरात जवळजवळ नव्हतीच.

त्यातला सॅम नावाचा लंडनचा गाडीवान बघा. गाडी त्याची नाही, घोडेही त्याचे नाहीत. मालकाचं रोजचं अठरा शिलिंग भाडं आधी चुकतं करायचं, मग उरेल ते आपलं. ते भाडं सुटावं म्हणून तो दमलेल्या घोड्याला हाकत राहतो, आणि हे वाईट आहे हे त्यालाही पुरतं ठाऊक असतं. थोड्याच दिवसांत तो मरतो. आपल्याला कधी एका रविवारचीही विश्रांती मिळाली नाही, हे शेवटी बरळत असतो. स्यूएल त्याला खलनायक करत नाही. घोड्याच्या पाठीवर पडणाऱ्या चाबकाचा माग ती थेट त्या अठरा शिलिंगांपर्यंत नेते.

हे पुस्तक तिने मुलांसाठी लिहिलंच नव्हतं. घोडे सांभाळणाऱ्यांनी, हाकणाऱ्यांनी ते वाचावं असा तिचा हेतू होता. लहान वयात झालेल्या अपघातामुळे तिला नीट चालता येत नसे, कुठे जायचं तर घोडागाडीच लागे. १८७७ मध्ये पुस्तक आलं आणि पुढच्याच वर्षी ती गेली. घोडा बोलतो म्हटल्यावर आपण पुस्तक बालसाहित्यात टाकून मोकळे झालो.

माझं मत असं: मूल या गोष्टी प्राण्याच्या बाजूने वाचतं आणि ते योग्यच आहे. मोठ्या वाचकाला त्या प्राण्यावर ज्यांची सत्ता चालते ती माणसं दिसायला लागतात. म्हणून ही पुस्तकं मोठेपणी एकदा पूर्ण वाचायलाच हवीत. तुमच्या बाबतीत असं कोणत्या पुस्तकाचं झालं? पुन्हा वाचू नये असं वाटणाऱ्यांनीही जरूर लिहा.

मोरपीस७

जिंजर.

एवढंच लिहिते. ज्यांनी वाचलंय त्यांना कळेल.

कासवगती

मोरपीस७, कळलं. गाडीतून एक मेलेला तांबूस घोडा नेताना दिसतो आणि ती जिंजरच असावी, म्हणजे सुटली असेल, असं ब्यूटीला वाटतं. मैत्रीण मेलेली असावी अशी इच्छा करणारा नायक मुलांच्या पुस्तकात दुसरा कुठे वाचल्याचं आठवत नाही.

मी ई. बी. व्हाइटच्या 'शार्लट्स वेब'बद्दल लिहितो. १९५२ चं पुस्तक. विल्बर नावाचं डुकराचं पिल्लू आणि त्याला कापलं जाण्यापासून वाचवणारी शार्लट नावाची कोळीण. लहानपणी सगळं लक्ष विल्बर वाचतो का इकडे होतं. आता दोन गोष्टींनी थांबवलं.

पहिली गोष्ट म्हणजे फर्न. पहिल्या पानावर जी मुलगी कुऱ्हाड घेऊन निघालेल्या बापाला अडवते, तीच फर्न शेवटी जत्रेत विल्बरला बक्षीस मिळण्याच्या ऐन वेळी एका मुलाबरोबर आकाशपाळण्यात बसायला पळते. व्हाइट तिला एका शब्दानेही बोल लावत नाही. ती मोठी होतेय, बस. लहानपणी मला तिचा राग आला होता. आता वाटतं, लेखकाने किती मायेने तिला जाऊ दिलंय.

दुसरी गोष्ट, लोक. जाळ्यात अक्षरं उमटतात आणि अख्खा गाव म्हणतो, काय विलक्षण डुक्कर आहे! एकटी मिसेस झुकरमन म्हणते की विलक्षण असेल तर ती कोळीण. तिचं कुणी ऐकत नाही. काम करणारी वेगळी आणि नाव होणारा वेगळा, हे व्हाइटने सहज एका संवादात सांगून टाकलंय.

त्याआधी चारेक वर्षं व्हाइटने स्वतःच्या आजारी डुकरावर एक लेख लिहिला होता. कापायलाच पाळलेलं डुक्कर आजारी पडतं आणि हा माणूस त्याची जिवापाड शुश्रूषा करतो, तरी ते मरतं. कादंबरी वाचून झाली की तो लेख मिळवून वाचा. कापायला निघालेला आणि वाचवायला धडपडणारा एकच माणूस असू शकतो हे त्यात कळतं. टिपकागद, तुमच्या मुद्द्याला याहून चांगला पुरावा मिळायचा नाही.

बेसूर

+१. आणि शार्लट जत्रेच्या रिकाम्या मैदानावर एकटी मरते. ती मेली तेव्हा तिच्याजवळ कुणी नव्हतं हे व्हाइट सरळ सांगून टाकतो. हल्लीच्या किती बालपुस्तकांत हे वाक्य संपादकाच्या हातून सुटलं असतं?

जुनी_सायकल

मी विरुद्ध बाजूने. सगळीच पुस्तकं मोठेपणी टिकत नाहीत आणि काही तर बिघडतात.

किपलिंगचं 'जंगल बुक' (१८९४) घ्या. मोगली, बगीरा, बालू यांच्यावर मी जीव टाकला होता. मोठेपणी पूर्ण वाचलं आणि त्याच्या शेवटच्या कथेपाशी अडकलो. छावणीतले खेचर, उंट, हत्ती, बैल, घोडे रात्री आपापसात बोलतात. मग संचलन होतं आणि एका देशी अधिकाऱ्याला विचारलं जातं की हे सगळं घडतं कसं. उत्तर येतं की खेचर हाकणाऱ्याचं ऐकतं, हाकणारा सार्जंटचं, असं करत करत हुकमाची साखळी थेट राणीपर्यंत जाते. प्राण्यांची गोष्ट म्हणून जे वाचत होतो ते साम्राज्याचं गुणगान निघालं. त्यानंतर 'जंगलचा कायदा'सुद्धा मला पूर्वीसारखा वाचता येईना. त्यात आज्ञापालन हेच शहाणपण आहे.

टिपकागद म्हणतात पूर्ण वाचायलाच हवीत. मी म्हणतो, काही आठवणी आहेत तशा राहू द्याव्यात.

उंबरठा

जुनी_सायकल, साम्राज्याबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. पण त्याच लेखकाने 'सेकंड जंगल बुक'मध्ये (१८९५) काय लिहिलंय तेही पाहायला हवं. तिथे मोगली हाथी आणि त्याच्या मुलांना घेऊन एक अख्खं गाव जंगलाच्या घशात घालतो. त्याला आईसारखं जपणाऱ्या बाईला आणि तिच्या नवऱ्याला गावाने चेटकी ठरवून बांधून ठेवलेलं असतं, त्याचा हा सूड. घरं पडतात, शेतं उद्ध्वस्त होतात, पावसात गाव विरघळतं. माणूस आणि जंगल यांच्यामध्ये लोंबकळलेल्या पोराचा तो संताप आहे. मुलांसाठीच्या आवृत्त्यांमधून ही कथा हमखास गळते.

पुढे 'रेड डॉग'मध्ये लांडग्यांचा म्हातारा नायक अकेला मरतो. आणि शेवटच्या कथेत, वसंत आल्यावर, जवळजवळ सतरा वर्षांच्या मोगलीला काय होतंय तेच त्याला कळत नाही. बरोबरीचे सगळे आपापल्या धुंदीत आहेत आणि हा एकटा रडत पळतोय. वयात येण्याबद्दल याहून अचूक मी फार थोडं वाचलंय. किपलिंगची राजवट मला नकोच. पण तो मुलगा मला हवा आहे. दोन्ही एकाच पुस्तकात आहेत आणि मोठ्या वाचकाला दोन्ही पेलता येतात, असं मला वाटतं.

वातकुक्कुट

आणि का! सिनेमाने का अजगराला खलनायक करून टाकलं. पुस्तकात तो मोगलीचा मित्र आहे, माकडांच्या तावडीतून त्याला सोडवतो.

अनुक्रमणिका

परदेशी पुस्तकांवरच गाडी थांबली आहे म्हणून पंचतंत्र मध्ये आणते. ते तर आपण सगळ्यांनी तुकड्या-तुकड्यांनीच वाचलंय. माकड आणि मगर, सिंह आणि ससा, बडबड्या कासवाची गोष्ट, प्रत्येकाखाली एका ओळीचं तात्पर्य. पूर्ण ग्रंथ वाचला तेव्हा या सगळ्या गोष्टी कुणीतरी कुणालातरी सांगत असतं, आणि सांगणाऱ्याचा त्यात स्वार्थ असतो, हे पहिल्यांदा दिसलं.

चौकट आपल्याला माहीत असते: महिलारोप्याचा राजा अमरशक्ती, त्याचे तीन मठ्ठ मुलगे आणि सहा महिन्यांत त्यांना नीती शिकवण्याचा विडा उचलणारा विष्णुशर्मा. पण पहिलं तंत्र, मित्रभेद, सलग वाचा. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची जिवाभावाची मैत्री होते. दमनक कोल्ह्याचं दरबारातलं वजन कमी होतं. तो सिंहाला जाऊन सांगतो की बैल उठेल तुमच्यावर, आणि बैलाला जाऊन सांगतो की सिंह तुम्हाला खाणार आहे. दोघांनी एकमेकांत कोणती लक्षणं पाहायची तेही तोच सांगून ठेवतो. भेटल्यावर दोघांनाही ती लक्षणं दिसतात, कारण दोघेही घाबरलेले असतात. बैल मरतो. सिंह रडायला लागतो. दमनकाचा जोडीदार कोल्हा करटक, त्याने आधी दमनकाची कडक शब्दांत निर्भर्त्सना केलेली असते, पण पुढे काहीच होत नाही. दमनक सिंहाची समजूत घालतो आणि मंत्री म्हणून सुखाने राहतो!

शिक्षा नाही, पश्चात्ताप नाही. ही गोष्ट राजपुत्रांसाठी होती. त्यांना चांगुलपणाचे धडे द्यायचे नव्हते, कान भरणारा माणूस नेमका कसा बोलतो हे ओळखायला शिकवायचं होतं. गंमत म्हणजे सहाव्या शतकात हा ग्रंथ पहलवी या जुन्या इराणी भाषेत गेला, आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाने तो अरबीत आणला (करटक-दमनकावरूनच त्याचं नाव 'कलीला व दिम्ना'), आणि अरबीत दिम्नाच्या खटल्याचं एक स्वतंत्र प्रकरण वाढलं. तिथे त्याला शिक्षा होते. दमनक मोकळा सुटलेला त्या वाचकांनाही सहन झाला नसावा.

मला विचाराल तर मूळ शेवट जास्त खरा आहे. ज्या कुणी कधी एखाद्या कार्यालयात काम केलंय त्यांनी मित्रभेद वाचावंच.

बेसूर

अनुक्रमणिका, जबरदस्त प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

अवांतर: मग चिऊ-काऊचं काय? पावसात काऊचं शेणाचं घर वाहून गेलंय, तो भिजत दारात उभा आहे, आणि चिऊताई आतून सांगतेय, थांब माझ्या बाळाला न्हाऊ घालते, थांब माझ्या बाळाला तीट लावते. लहानपणी आपण सगळे चिऊच्या बाजूने होतो. परवा भाचीला सांगताना मध्येच ती म्हणाली, "पण काऊला सर्दी होईल ना?" मला पुढे सांगवेना, मी दार उघडून टाकलं.

मोरपीस७

भाची भारी आहे :)

शेपटीवाले

मी प्राण्यांची डॉक्टर आहे, म्हणून 'ब्लॅक ब्यूटी'बद्दल थोडं तांत्रिक.

त्या पुस्तकात सारखा उल्लेख येतो तो घोड्याचं डोकं वर ओढून धरणाऱ्या लगामाचा. श्रीमंतांच्या गाड्यांना तेव्हा ती फॅशन होती. चढावर ओझं ओढताना घोड्याला मान खाली घालून सगळं वजन पुढे टाकावं लागतं. मानच बांधली तर सगळा ताण पाठीवर आणि मागच्या पायांवर येतो, शिवाय श्वास कोंडतो. स्यूएलने हे घोड्याच्या तोंडून सांगितलंय आणि अगदी बरोबर सांगितलंय. त्या लगामाविरुद्ध जनमत तयार व्हायला या पुस्तकाचा मोठा हातभार लागला.

एक गोष्ट मात्र आज वेगळी मानली जाते. जो ग्रीन नावाचा पोरगा दौडून आलेल्या, घामाने निथळणाऱ्या ब्यूटीला थंड पाणी पाजतो, अंगावर घोंगडी टाकत नाही आणि ब्यूटी मरता मरता वाचतो. तापलेल्या घोड्याला थंड पाणी विषासारखं, हा समज पुढेही फार काळ टिकला. आता आम्ही उलट सांगतो, श्रमानंतर घोड्याला पाणी द्या, अडवू नका. तरी ते प्रकरण मला पुस्तकातलं सर्वांत मोलाचं वाटतं. पोराच्या बापाला वाटतं, त्याला कळत नव्हतं, जाऊ द्या. त्यावर मोतद्दार जॉन चिडतो, की दुष्टपणाच्या खालोखाल जगात अज्ञानानेच सगळ्यात जास्त नुकसान केलंय. माझ्याकडे येणाऱ्या जनावरांपैकी छळामुळे आलेली थोडी, माहीत नसल्यामुळे आलेली फार. आणि शेवटी म्हाताऱ्या ब्यूटीला ओळखणारा, त्याची निगा राखणारा मोतद्दार कोण? तोच जो ग्रीन, आता शिकलेला.

टिपकागद

शेपटीवाले, हे तुम्ही लिहिलंत याचा फार आनंद झाला. पहिल्यांदा वाचताना जो ग्रीन परत येतो हा योगायोग वाटला होता. तो योगायोग नाही, स्यूएलला माणूस सुधारतो हे दाखवायचंच होतं.

कासवगती

डॉक्टरांनी खऱ्या-खोट्याचा विषय काढलाच आहे तर त्यावर एकेकाळी केवढं रण माजलं होतं ते सांगतो. १८९८ मध्ये अर्नेस्ट थॉम्पसन सेटनचं वन्यप्राण्यांच्या कथांचं पुस्तक आलं. प्राणी आपल्यासारखा विचार करतात, शिकवतात, सूड घेतात अशा कथांची लाटच आली. १९०३ मध्ये जॉन बरोज या ज्येष्ठ निसर्गलेखकाने मासिकात लेख लिहून यांना उघड उघड खोटारडे म्हटलं. १९०७ मध्ये खुद्द अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट त्यात उतरले आणि जॅक लंडनच्या 'व्हाइट फँग'मधल्या झुंजींवरही त्यांनी आक्षेप घेतला. लंडनने लेख लिहून उत्तर दिलं. राष्ट्राध्यक्षाने लांडग्याच्या कादंबरीवर भांडावं, असा तो काळ.

पण सेटनची लोबोची कथा वाचा. लोबो हा गुरं मारणाऱ्या लांडग्यांच्या टोळीचा नायक, कुठल्याच सापळ्यात न सापडणारा. सेटन स्वतः त्याला मारायला गेलेला होता. शेवटी त्याने लोबोची जोडीदारीण ब्लांका हिला मारलं आणि तिच्या मृतदेहाचा वास वापरून सापळे लावले. तिला शोधत आलेला लोबो त्यात अडकला. १८९४ च्या जानेवारीतली ही घटना. पुढे सेटन लांडग्यांच्या बाजूने बोलू लागला. लहानपणी ही लांडग्याची शौर्यकथा वाटते. आता ती मारणाऱ्याने स्वतःविरुद्ध दिलेली साक्ष वाटते.

जुनी_सायकल

कासवगती, हे वाचून माझं मत थोडं हललं. लोबो शोधतो.

पण एक सांगा, ही सगळी चर्चा 'संक्षिप्त आवृत्त्यांनी आपल्याला फसवलं' या सुरात चालली आहे, ते मला पटत नाही. पातळ, चित्रांची, गाळलेली ती पुस्तकं नसती तर आज पूर्ण पुस्तक शोधत कुणी गेलंच नसतं. आणि गाळणं कधी कधी योग्यही असतं. ह्यू लॉफ्टिंगच्या 'डॉक्टर डूलिटल'मध्ये आफ्रिकी राजपुत्राला गोरं व्हायचं असतं, हा लाजिरवाणा भाग नंतरच्या आवृत्त्यांत बदलला गेला. तो सात वर्षांच्या मुलासमोर तसाच ठेवावा असं कुणी म्हणेल का?

अनुक्रमणिका

मुलांसमोर नको, मान्य. पण मोठ्यांसमोर असावा. लॉफ्टिंगने पहिल्या महायुद्धात खंदकातून आपल्या मुलांना पाठवलेल्या पत्रांत डूलिटल जन्मला. जखमी सैनिकावर उपचार होत आणि जखमी घोड्याला गोळी घातली जाई, हे पाहून त्याला प्राण्यांची भाषा येणारा डॉक्टर सुचला. घोड्याबद्दल इतकं कळणारा माणूस दुसऱ्या वंशाच्या माणसाबद्दल असं लिहितो. ही विसंगती पुसून टाकली तर त्याच्यापासून शिकण्यासारखं निम्मं गेलं.

वातकुक्कुट

रिचर्ड अ‍ॅडम्सच्या 'वॉटरशिप डाउन'चं (१९७२) नाव अजून कुणी घेतलं नाही! सरकारी नोकरी करणाऱ्या माणसाने मोटारीच्या प्रवासात दोन मुलींना सांगितलेली सशांची गोष्ट. अनेक प्रकाशकांनी नाकारली. सशांच्या वागण्यासाठी त्याने रोनाल्ड लॉकलीच्या सशांवरच्या अभ्यासग्रंथाचा आधार घेतला, म्हणजे बरोज आजोबासुद्धा फार कुरकुरले नसते.

यातलं काउस्लिपच्या वसाहतीचं प्रकरण मला सगळ्यात भारी वाटतं. वाटेत सशांना एक वसाहत लागते. तिथले ससे धष्टपुष्ट, देखणे. अन्न आयतं मिळतं, शत्रू नाहीत, ते कविता करतात, भिंतीवर आकृत्या घडवतात. फक्त एखाद्याबद्दल 'तो कुठे आहे' असं विचारलं की विषय बदलतात. कारण शेतकरीच त्यांना खाऊ घालतो, कोल्ह्यांपासून राखतो आणि मधूनमधून फास लावून एकेकाला नेतो. सगळ्यांना माहीत आहे, बोलायचं कुणी नाही. लहान वाचकाला ही भीतीची जागा वाटते. मोठ्या वाचकाला ती ओळखीची जागा वाटते, हे जास्त भयंकर.

टिपकागद, तुमच्या मूळ मुद्द्याला इथे मात्र अपवाद आहे. या पुस्तकात मोठेपणीही माणसं फारशी दिसत नाहीत. शेतकऱ्याचा साधा चेहराही आपल्याला कळत नाही. मी पानोपानी ससाच राहिलो.

टिपकागद

वातकुक्कुट, अपवाद मान्य, आणि तो चांगला अपवाद आहे. पण काउस्लिपचे ससे वाचताना तुम्हाला जे 'ओळखीचं' वाटलं ती माणसंच ना? शेतकरी दिसत नाही, पण गप्प बसणारे दिसतात. माझं वाक्य थोडं बदलते: मोठ्या वाचकाला सत्ता दिसते, मग ती माणसाची असो, दमनकाची असो की फासाची.

मोरपीस७

मग 'बाम्बी' वाचाच. सिनेमा नाही, फेलिक्स साल्टनची १९२३ ची कादंबरी. त्यात गोबो नावाचं हरणाचं पाडस आहे. बर्फात कोसळल्यावर त्याला माणूस उचलून नेतो, जगवतो, गळ्यात पट्टा बांधतो. तो रानात परततो आणि सगळ्यांना सांगत सुटतो की माणूस फार चांगला आहे. एक दिवस उघड्या माळावर निर्धास्त उभा राहतो आणि गोळी लागते. साल्टन ज्यू होता, व्हिएन्नात राहणारा. नाझींनी १९३६ मध्ये पुस्तकावर बंदी घातली, पुढे त्याला देश सोडावा लागला आणि १९४५ मध्ये तो झुरिकमध्ये वारला. सिनेमात गोबोच नाही.

उंबरठा

मोरपीस७, आणि हाच साल्टन स्वतः शिकारीही करायचा, ते जोडून वाचा. पुस्तकात म्हातारं हरीण बाम्बीला मेलेला माणूस दाखवतं, हाही आपल्यासारखाच पडतो म्हणून. शिकाऱ्याने हे लिहावं!

शेपटीवाले

या सगळ्यांनंतर काय वाचावं असं कुणी विचारलं तर व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर'. ते मुलांसाठी नाही, पण याच रांगेत बसतं. वानरांच्या टोळीवर कुणाचा ताबा राहणार याची लढाई आहे. एकही वानर माणसासारखं बोलत नाही आणि तरीही एकेक वानर लक्षात राहतं. वर कासवगतींनी सांगितलेल्या वादाचं मराठीतलं उत्तर मला ते पुस्तक वाटतं: प्राण्याला माणूस न करता त्याची कादंबरी लिहिता येते. आकाराने लहान आहे, एका बैठकीत होतं.

जुनी_सायकल

'सत्तांतर' घरात आहे, आज रात्री काढतो. आणि 'सेकंड जंगल बुक'सुद्धा, उंबरठा यांनी सांगितलेली गावाची कथा मी वाचलेलीच नाही. वाचून झालं की राजवटीबद्दलचं भांडण पुढे चालू करू, ते अजून मिटलेलं नाही.